मिक्सर बॅगेत भरण्याआधी त्याच्या बुडाची पट्टी वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांसाठी आपल्या पेपरात बरंच काही येतं, व्हिसाचं येतं, एज्युकेशन लोनचं येतं, कुठल्या युनिव्हर्सिटीला कधी अर्ज करायचा ते येतं, पण घरातली कुठली इलेक्ट्रिकची वस्तू बरोबर न्यावी आणि कुठली इथेच ठेवावी यावर नीट लिहिलेलं मी तरी अजून वाचलं नाहीये. माझं ठाण्यात मिक्सर, इस्त्री, घरघंटी रिपेअरिंगचं दुकान आहे. जून संपला की कुणाची ना कुणाची आई नाहीतर बाबा हाच प्रश्न घेऊन दुकानात येतात, मुलगा अमेरिकेला चाललाय, मिक्सर देऊ का? म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जागेसाठी कापायचं असलं तर कापा, पण पुढचा पट्टीचा भाग तेवढा ठेवा.

प्रत्येक वस्तूच्या बुडाला नाहीतर मागे एक छोटी पट्टी असते, स्टिकर असतो किंवा पत्र्यावर छापलेलं असतं. आपल्या मिक्सरवर साधारण असं असतं: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं), ७५० वॅट. लॅपटॉपच्या चार्जरवर बघा, तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. फरक एवढाच, आणि सगळा निर्णय याच्यावर आहे. १००-२४० लिहिलंय ना, मग ती वस्तू जगात कुठेही चालते, फक्त पिन बदलणारा अ‍ॅडाप्टर लागतो. मोबाईलचा चार्जर, लॅपटॉप, कॅमेऱ्याचा चार्जर, बरेचसे ट्रिमर यातच येतात. नुसतं २३० किंवा २२०-२४० लिहिलेलं असेल तर आधी जाणार कुठे ते विचारा आणि मगच बॅग उघडा.

अमेरिका आणि कॅनडात घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ येतं, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ निम्मं. लोकांना वाटतं निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मं काम होईल, जरा वेळ जास्त लागेल एवढंच. तसं होत नाही. कॉइलवर तापणारी जी जी वस्तू आहे, इस्त्री, किटली, राइस कुकर, तिथे व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर पाव होते. १००० वॅटची आपली किटली तिथे जेमतेम २७० वॅट देणार, ७०० वॅटचा राइस कुकर १९० वॅटच्या आसपास. त्यात भात शिजत नाही, तांदूळ नुसते कोमट पाण्यात फुगून बसतात. मिक्सरची मोटर फिरते पण तिच्यात जोर नसतो, सुकं जिरं कसंबसं होईल, भिजवलेली डाळ घातली की पातं अडकतं आणि मोटर आत तापत बसते, आणि तसंच दामटून चालवलं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा भाग, जळून जातं.

यावर लोक मला अ‍ॅडाप्टर दाखवतात. अ‍ॅडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला तो हातही लावत नाही. व्होल्टेज वाढवायला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ७५० वॅटच्या मिक्सरला ७५० चा पुरत नाही, चालू होताना मोटर जास्त करंट ओढते म्हणून निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. तो धोंड्यासारखा जड असतो, ओट्यावर जागा खातो आणि ६० हर्ट्झचं ५० काही करत नाही. बाजारात हलके स्वस्त कन्व्हर्टर मिळतात १६००-२००० वॅट लिहिलेले, त्यातले बरेचसे फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात आणि तेही बहुतेक अमेरिकन माणसाने आपली वस्तू बाहेर नेण्यासाठी, म्हणजे २३० चे १२० करणारे, आपल्याला हवं त्याच्या बरोब्बर उलट. त्यांच्यावर मोटरची वस्तू लावू नका. आणि आपली २००० वॅटची इंडक्शन शेगडी न्यायचा विचार तर सोडूनच द्या, तिथल्या साध्या सॉकेटची लाइन १५ अँपिअरची, तिला १२० ने गुणलं तर १८०० वॅट होतात, शेगडीला पुरेल एवढी वीज त्या भोकातून येतच नाही.

गेल्या वर्षी डोंबिवलीहून एक ताई आल्या होत्या, हातात नवाकोरा मिक्सरचा खोका, सील न फोडलेला, आणि पिशवीत एक मल्टी-अ‍ॅडाप्टर. मुलगी टेक्सासला चाललेली. दुकानदाराने सांगितलं होतं, हा लावला की कुठल्याही देशात चालतो. मी खोका उघडून मिक्सर उलटा केला, मोबाईलच्या टॉर्चने पट्टी दाखवली, त्यांनी चष्मा लावून वाचली, मग अ‍ॅडाप्टरवरचं वाचलं, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं की हा व्होल्टेज बदलत नाही. त्या माऊलीने काही बोलायच्या आधी बिल शोधायला पर्स उघडली. खोका उघडलेला आहे म्हणून त्या दुकानदाराने मिक्सर परत घेतला नाही. मला याचा फार राग येतो. चार पैशांचा सवाल नाहीये हो, पण आई मुलीच्या तिथल्या जेवणाची सोय करतेय आणि आपण काउंटरवर उभं राहून तिला खोटं सांगतोय, हे बरोबर नाही. आणि खोटं नसेल, माहीतच नसेल, तर माहीत करून घेणं हे दुकानदाराचं काम आहे.

आता मिक्सर न्यायचाच नाही का? तर असं नाही. अमेरिकेत मिळणारा ब्लेंडर स्मूदीसाठी असतो, उभा लांब जार, त्यात भरपूर पाणी घातल्याशिवाय काही फिरत नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, कमी पाण्यातलं इडलीचं पीठ, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण त्यात होत नाही, सगळं भांड्याच्या कडेला जाऊन चिकटतं. म्हणून आपला मिक्सर हवासा वाटतो ते अगदी खरं आहे. पण तो ११० व्होल्टचा घ्या. प्रीतीसारख्या आपल्या कंपन्या अमेरिका-कॅनडासाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, अल्ट्राचा ओला ग्राइंडरसुद्धा ११० मध्ये येतो. तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये नाहीतर ऑनलाइन मिळतो. बॅगेतले पाच-सहा किलो वाचतात ते वेगळेच. एकटा मुलगा असेल आणि फक्त दाण्याचं कूट, गोडा मसाला, जिरेपूड एवढंच करायचं असेल तर तिथला छोटा कॉफी ग्राइंडर पुरतो, पुण्यामुंबईची कितीतरी मुलं त्याच्यावरच काढतात.

हे झालं अमेरिकेचं. इंग्लंड, जर्मनी, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथे २३० च्या आसपास व्होल्टेज आणि ५० हर्ट्झच आहे, म्हणजे आपला मिक्सर तिथे जसाच्या तसा चालतो. तिथे प्रश्न फक्त पिनेचा आणि अर्थिंगचा. इंग्लंड, दुबई, सिंगापूरला चौकोनी तीन पिनांचा प्लग, त्यात आत फ्यूज असतो, तिथे गेल्यावर कुणा जाणकाराकडून वायरीला तोच प्लग बसवून घ्या आणि मिक्सरला ३ अँपिअरचा की ५ चा की १३ चा फ्यूज लागेल ते वॅट बघून ठरवा, सरसकट १३ चा टाकू नका. ऑस्ट्रेलियाला पिना तिरक्या. जर्मनीत गोल दोन पिना आणि अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांवर, त्यामुळे आपला तीन पिनांचा प्लग घेऊन लोक स्वस्तातला अ‍ॅडाप्टर लावतात, त्यातून वीज जाते पण अर्थिंग जात नाही. इस्त्री, ओला ग्राइंडर, ज्यांचं अंग धातूचं आहे अशा वस्तूंना हे चालणार नाही. अ‍ॅडाप्टर घेताना अर्थिंगची पट्टी आतपर्यंत जोडलेली आहे का ते बघा, आणि त्याच्यावर किती अँपिअर लिहिलंय तेही. ६ अँपिअरच्या अ‍ॅडाप्टरवर किटली लावली की तो वितळतो, असे वितळलेले मी हातात घेतलेत.

इंग्लंडला हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांच्या आईबाबांनी अजून एक करावं. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये खोलीत राइस कुकर, टोस्टर, इंडक्शन असलं काही ठेवू देत नाहीत, स्वयंपाक फक्त कॉमन किचनमध्ये, आणि बाहेरून आणलेल्या वस्तूची इलेक्ट्रिकल टेस्ट मागतात. हॉस्टेलच्या नियमांचा कागद ईमेलने आलेला असतो, तो मुलं वाचत नाहीत, तुम्ही वाचा.

जपानचं वेगळंच आहे, आणि पुण्यात जपानी शिकून तिकडे जाणारी मुलं आता बरीच आहेत म्हणून सांगतो. तिथे १०० व्होल्ट, जगात सगळ्यात कमी. वर अर्धा देश ५० हर्ट्झवर आणि अर्धा ६० वर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीहून जनरेटर घेतले ते ५० चे आणि ओसाकाने अमेरिकेहून घेतले ते ६० चे, आणि ती सीमारेषा आजपर्यंत तशीच राहिली. २०११ च्या त्सुनामीनंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा झाला तेव्हा पश्चिमेची वीज पुरेशी तिकडे वळवता आली नाही त्याचं एक मोठं कारण हेच. आपली कॉइलची किंवा मोटरची वस्तू तिथे नेऊ नका. सौदीलाही ६० हर्ट्झ आहे आणि जुन्या घरांत १२७ व्होल्टसुद्धा सापडतं, तेव्हा कॅम्पवर जाणाऱ्यांनी आधी तिथल्या माणसाला फोन करून विचारा.

आता प्रेशर कुकर. माझ्या मते बॅगेत पहिली जागा त्याची, मिक्सरची नाही. वीज लागत नाही, वरण-भात पंधरा-वीस मिनिटांत होतो, आणि डाळ-तांदूळ जगात सगळीकडे मिळतात. पण नेताना तिथे शेगडी कसली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्याच्यावर तापतच नाही, बुडाला स्टीलचा लोहचुंबकाला धरणारा थर लागतो. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून कुकरच्या बुडाला लावा, घट्ट चिकटलं तर चालेल, पडलं तर नाही. काचेची साधी इलेक्ट्रिक शेगडी असेल तर मॅग्नेटची गरज नाही पण बूड सपाट हवं, वर्षानुवर्षं वापरून फुगलेलं बूड तिच्यावर टेकत नाही. आपला खोलगट पोळीचा तवा पण असाच अडकतो, सपाट बिडाचा तवा घ्या, तो इंडक्शनवरही चालतो. कुकरबरोबर दोन जास्तीच्या रबरी रिंगा आणि एक-दोन सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे घ्या, तळहातावर मावतात आणि तिथे हवं ते माप मिळेलच असं नाही. व्हॉल्व्ह कसा बदलायचा ते मुलाला घरी एकदा करून दाखवा. रिंग सैल झाली म्हणून कागद लावून कुकर बंद करणारी मुलं ऐकलीत, ते भयानक आहे.

विजेवर न चालणाऱ्या बाकीच्या वस्तूही अशाच. चकलीचा सोऱ्या, हाताचं पुरणयंत्र, छोटा खलबत्ता, नारळाची खवणी, हे न्या, यांना व्होल्टेज नाही. पातं असलेलं सगळं, मिक्सरचे जारसुद्धा, चेक-इन बॅगेत टाका, केबिनच्या बॅगेत सिक्युरिटीला काढून ठेवतात. पॉवर बँकेचं उलटं, ती केबिनमध्येच हवी, चेक-इनमध्ये लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. आणि जारच्या आत मोजे, टॉवेल कोंबा, जागा वाया जात नाही आणि जारला पोचा येत नाही.

अख्खं कुटुंब शिफ्ट होत असेल तर फ्रिज, वॉशिंग मशिन, एसी, घरघंटी याचा प्रश्न येतो. नोकरीची कंपनी कंटेनरचे पैसे देत असली तरी न्यावं असं मला वाटत नाही. घरघंटी चाळीसेक किलोची, तिची मोटर ५० हर्ट्झची, ६० वर ती जास्त वेगाने फिरते आणि व्होल्टेजचा घोळ वेगळाच, आणि तिथे बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आपली वॉरंटी बहुतेक करून भारतापुरतीच असते. अमेरिकेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिज आणि शेगडी साधारणपणे असतेच, इंग्लंडमध्येही बहुतेक ठिकाणी फ्रिज, शेगडी, कपड्यांचं मशिन मिळतं. जर्मनीत मात्र सावध राहा, तिथे कितीतरी घरं किचनशिवाय भाड्याने देतात, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्याचं होल्डरसुद्धा नाही, नुसत्या लोंबत्या वायरी. घर बघताना किचन आहे का ते पहिलं विचारा. तरीही इथून फ्रिज उचलून नेऊ नका, तिथे सेकंडहँड भरपूर मिळतं.

कस्टमचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा. इंग्लंड आणि युरोपात राहायला जाणाऱ्यांना घरातलं सामान ड्युटीशिवाय नेता येतं, पण त्या वस्तू निदान सहा महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या हव्यात आणि तुम्ही तिकडच्या बाहेर निदान वर्षभर राहिलेले हवेत. अमेरिकेत घरसामान निदान वर्षभर वापरलेलं लागतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेला सीलबंद खोका यात बसत नाही. जुन्या वस्तूंची बिलं असतील तर फाइलला लावा.

घरात कुणाला दमा असेल, नेब्युलायझर असेल, तर त्याची पट्टी सगळ्यात आधी बघा. आपल्याकडचे कॉम्प्रेसरचे नेब्युलायझर बहुतेक २३० वरच चालतात, अमेरिकेत गेल्यावर रात्री धाप लागली आणि मशिनने वाफ नीट दिली नाही तर काय करणार? निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून १००-२४० वाला किंवा यूएसबी-बॅटरीवर चालणारा घ्या. याच्यात काटकसर नको.

उलट्या बाजूचं पण लिहितो कारण माझ्या टेबलावर जळून येतात त्या वस्तू जास्त करून या. अमेरिकेतून येणारे काका-मावशी प्रेमाने कॉफी मेकर, राइस कुकर, टोस्टर आणतात, १२० व्होल्टचा. तो इथे २३० ला लावला की कॉइलवर जवळजवळ पावणेचारपट पॉवर जाते, मिनिटभरात धूर, कधी फ्यूज उडतो, कधी आतला प्लॅस्टिकचा सांगाडा पेट घेतो. वस्तू भेट मिळाली की प्लग लावण्याआधी उलटी करा.

संपादक साहेब, माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली मिक्सर आणि किटली बनवणाऱ्या कंपन्यांना, खोक्याच्या बाहेर मराठीत ठळक अक्षरात छापा, फक्त २२०-२४० व्होल्टच्या देशांसाठी, सध्या ते बऱ्याचदा बुडालाच असतं आणि खोका फोडल्याशिवाय दिसत नाही. दुसरी दुकानदार बंधूंना, मग ते मुंबईच्या लोहार चाळीतले असोत की पुण्याच्या तापकीर गल्लीतले, गिऱ्हाईक परदेशाचं नाव घेतं तेव्हा देश विचारा, पट्टी दाखवा आणि बिलावर व्होल्टेज लिहून द्या. माल कमी खपेल, पण गिऱ्हाईक परत येईल. मुलांना बाहेर पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यांनाही हेच सांगणं आहे, लाखो रुपये फी घेता, जाताना जी यादी देता तिच्यात देशाचं व्होल्टेज आणि प्लगचं चित्र टाका.

तिसरी मागणी तुमच्याकडेच. देशांची नावं, व्होल्टेज, हर्ट्झ आणि प्लगचं चित्र असा एक तक्ता पेपरात छापा, लोक तो कापून कपाटाच्या दाराला लावतील. मजकूर तपासायला मी आणि आमच्या लाइनीतले अजून दोघेतिघे वायरमन मदत करू, त्याचे पैसे नकोत. फक्त तो जुलैच्या सुरुवातीला छापा, कारण अमेरिकेला जाणारी मुलं ऑगस्टमध्ये निघतात, इंग्लंडची सप्टेंबरात, आणि खरेदी त्याच्या महिनाभर आधीच उरकलेली असते.

आपला,
एक मिक्सर दुरुस्ती करणारा,
ठाणे